कागदावर पाऊण सेकंद, मशिनवर सव्वादोन सेकंद: एका पुशर सिलेंडरच्या स्पीडचं प्रकरण

पार्श्वभूमी

भोसरी एमआयडीसीत एसपीएम (एका ठराविक कामासाठीची खास मशिन) बनवणारं एक छोटं युनिट आहे, अठरा-वीस माणसं, मालकांना सगळे शेठच म्हणतात. मी तिथे ट्रायल आणि कमिशनिंगच्या कामाला बाहेरून जातो. युनिटचं नाव घेत नाही, कस्टमरचंही नाही, बाकी जे झालं ते झालं तसंच लिहितोय कारण न्यूमॅटिक (हवेच्या दाबावर चालणाऱ्या) सिलेंडरच्या स्पीडचा अंदाज काढताना हीच चूक मी निदान चार-पाच ठिकाणी बघितली आहे आणि दर वेळी त्यात कुणाचे तरी पैसे आणि रविवार जातात.

मशिन होतं अॅल्युमिनियम कास्टिंगच्या लीक टेस्टचं. कन्व्हेयरवरून पॅलेट येणार, पुशर सिलेंडर ते ४०० मिमी ढकलून टेस्ट स्टेशनच्या स्टॉपरपर्यंत नेणार आणि रिकामा मागे येणार, मग क्लॅम्प, टेस्ट, अनक्लॅम्प वगैरे. कस्टमरला १२ सेकंदाला एक पीस हवा होता, म्हणजे तासाला ३००. त्या १२ सेकंदांत पुशरच्या वाट्याला जायला ०.८ आणि यायला ०.८ एवढेच आलेले.

सिलेंडर ६३ बोअरचा (आतला व्यास, मिमीमध्ये), २० मिमी रॉड, ४०० स्ट्रोक, डबल अॅक्टिंग (जाताना-येताना दोन्हीकडे हवेवर चालणारा), आयएसओ १५५५२ (सिलेंडरच्या मापांचं स्टँडर्ड) वाला प्रोफाइल बॉडीचा. व्हॉल्व्ह ५/२ सिंगल सोलेनॉइड (पाच पोर्ट, दोन पोझिशन, एका कॉइलवर चालणारा), कॅटलॉगमध्ये फ्लो ७०० लिटर प्रति मिनिट. सगळे व्हॉल्व्ह पॅनेलशेजारी एकाच मॅनिफोल्डवर (सामाईक बेसवर) लावलेले, दिसायला एकदम सुंदर, आणि तिथून सिलेंडरपर्यंत ६ मिमीची पीयू ट्यूब, आतून ४ मिमी, लांबी ४ मीटर. एफआरएलवर (हवेचा फिल्टर, रेग्युलेटर, लुब्रिकेटर) ६ बार.

अडचण

पहिल्या ट्रायलला पुशर जायला २.२ सेकंद आणि यायला २.४ सेकंद घ्यायला लागला. १.६ च्या जागी ४.६, म्हणजे सरळ ३ सेकंद जास्त, सायकल १५ सेकंदांवर गेली आणि तासाला ३०० च्या जागी २४० पीस. कस्टमरची माणसं आठ दिवसांनी पीडीआयला (मशिन पाठवण्याआधीच्या तपासणीला) येणार होती.

डिझाइनच्या मुलाने गणित केलं नव्हतं असं अजिबात नाही. त्याची वही मी बघितली, व्यवस्थित मांडलेलं होतं. ७०० लिटर ही मोकळी हवा, ६ बार गेजला (वातावरणाचा १ बार धरून ७) ती सातपट दाबलेली, म्हणून ७०० भागिले ७ म्हणजे सिलेंडरच्या आत १०० लिटर प्रति मिनिट, म्हणजे सेकंदाला १६६७ घन सेंमी. ६३ बोअरचा एरिया ३१.१७ चौ. सेंमी. भागाकार केला की ५३.५ सेंमी प्रति सेकंद, म्हणजे ४०० मिमीला ०.७५ सेकंद. ०.८ च्या आत बसतंय, पुढे चला.

ही पद्धत इतकी सर्रास वापरली जाते की तिच्यात चूक आहे असं कुणाला वाटतच नाही. कॅटलॉगमधला तो फ्लोचा आकडा एकट्या व्हॉल्व्हचा असतो, त्याला ट्यूब नाही, फिटिंग नाही, फ्लो कंट्रोल (हवेची वाट कमी-जास्त करायचा स्क्रू) नाही, आणि तो साधारणपणे ६ बार आत आणि ५ बार बाहेर अशा स्थितीत मोजलेला असतो. तो आकडा व्हॉल्व्हची व्हॉल्व्हशी तुलना करायला चांगला आहे, पिस्टनचा स्पीड काढायला एकटा पुरत नाही.

पहिला निर्णय: प्रेशर वाढवायचं

सगळीकडे होतं तेच इथे झालं. फिटरकाम बघणारे मामा म्हणाले, "शेठ, सात करून बघू का?" शेठ हो म्हणाले, रेग्युलेटर ७ वर नेला, आणि २.२ चे २.१ झाले. एक बार वाढवून ०.१ सेकंद. वर हवेचा खर्च सुमारे १४ टक्क्यांनी वाढला, कारण अॅब्सोल्यूटमध्ये, म्हणजे वातावरणाचा १ बार धरून, ७ चे ८ बार झाले.

मग फ्लो कंट्रोलचे स्क्रू तपासले, दोन्ही आधीच पूर्ण उघडे होते. व्हॉल्व्हचा सायलेन्सर काढून बघितला, फरक नाहीच्या बरोबर. त्यावर शेठ म्हणाले की सिलेंडरला ताकद कमी पडतीये, ८० बोअर मागवा. मी नेमका त्या दिवशी पोचलो आणि पहिली गोष्ट ही केली की ती ऑर्डर थांबवायला सांगितली. शेठना आवडलं नाही, आठ दिवसांत पीडीआय आणि हा माणूस आल्या आल्या काम थांबवतोय, त्यांच्या जागी मला पण राग आला असता. पण प्रेशर वाढवून स्पीड न वाढणं हाच सगळ्यात मोठा पुरावा होता आणि त्याच्याकडे कुणी पुरावा म्हणून बघत नव्हतं.

मोजमाप

अंदाज बाजूला ठेवून आधी मोजलं. रीड स्विच (पिस्टनची जागा कळवणारा सेन्सर) आणि पीएलसी (मशिनचा कंट्रोलर) टायमरवरून एकूण वेळ मिळते, पण वेळ नेमकी कुठे जाते ते कळत नाही. म्हणून पुशर प्लेटच्या बाजूला स्टीलची पट्टी चिकटवली, प्लेटवर मार्करने एक बारीक रेघ मारली (रॉडवर मारू नका, टेपही चिकटवू नका, वायपर सील खराब होतं) आणि मोबाइलवर २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये शूटिंग केलं. मग एकेक फ्रेम पुढे सरकवत बघितलं. व्हॉल्व्हचा दिवा लागल्यापासून रेघ हलेपर्यंत साधारण २४ फ्रेम, म्हणजे ०.१ सेकंद. मधल्या २०० मिमीला २४० च्या आसपास फ्रेम, म्हणजे बरोबर एक सेकंद, स्पीड २० सेंमी प्रति सेकंद. शेवटी कुशनिंगमध्ये (टोकाला पिस्टन हळू करणारी सिलेंडरमधली सोय) पुन्हा ०.१ च्या आसपास. मधे स्पीड एकसारखा होता, कुठे अडकत नव्हता, धक्के नव्हते.

दुसरं म्हणजे रॉडच्या बाजूच्या पोर्टवर, सिलेंडर आणि फ्लो कंट्रोलच्या मधे, टी टाकून प्रेशर गेज बसवला. पुशर पुढे जाताना त्या गेजचा काटा ४ बारच्या जरा वर अडकून बसायचा. सगळे दोन मिनिटं त्या काट्याकडे बघत उभे राहिलो. मागून ६ बारची लाइन ढकलतीये आणि पुढून ४ बार अडवतोय. ताकद कमी नव्हतीच, समोरची हवा बाहेर पडत नव्हती.

तिसरं, पॅलेटला किती जोर लागतो ते. स्टोअरमधला स्प्रिंगचा ताणकाटा पॅलेटला अडकवून हाताने ओढला, सुटायला २५ किलो, चालू लागल्यावर २० च्या आसपास. म्हणजे धरून चला २५० न्यूटन. ६३ बोअर ६ बारला १८७० न्यूटन देतो. साडेसातपट जोर असलेला सिलेंडर कमजोर म्हणून बदलणार होतो.

गणित पुन्हा मांडलं

इथे थोडं सविस्तर लिहितो कारण सगळं प्रकरण याच्यावरच आहे.

हवा एखाद्या अरुंद वाटेतून जाताना पुढचं प्रेशर मागच्यापेक्षा पुरेसं कमी असेल तर फ्लो चोक होतो, म्हणजे पुढचं प्रेशर आणखी कमी केलं तरी फ्लो वाढत नाही, तो फक्त मागच्या अॅब्सोल्यूट प्रेशरच्या प्रमाणात चालतो. साध्या गोल नोझलला ही हद्द ०.५२८ च्या रेशोला येते, लांब ट्यूब आणि फिटिंगांच्या साखळीला आणखी खाली, ०.२ ते ०.३ ला. आपल्या केसमध्ये समोरच्या चेंबरमध्ये अॅब्सोल्यूट ५ बार आणि बाहेर १ बार, रेशो ०.२, म्हणजे जवळपास पूर्ण चोक.

आता मजा बघा. चेंबरमधलं प्रेशर दुप्पट केलं तर सेकंदाला दुप्पट हवा बाहेर पडेल, बरोबर, पण चेंबरमधली हवा पण दुप्पट दाट झालेली असेल, म्हणजे पिस्टनला एक सेंमी सरकायला दुप्पट हवा बाहेर काढावी लागेल. दोन्ही कटतं. स्पीड तोच. म्हणूनच मामांनी रेग्युलेटर ७ वर नेला तरी पिस्टनला फारसा फरक पडला नाही.

यातून जे सूत्र उरतं ते इतकं छोटं आहे की विश्वास बसत नाही. बाहेर जाणाऱ्या वाटेचा सॉनिक कंडक्टन्स, म्हणजे फ्लो चोक असताना त्या वाटेतून दर बारला किती हवा जाते तो आकडा, घ्यायचा (आयएसओ ६३५८ प्रमाणे, कॅटलॉगमध्ये ‘सी’ म्हणून, लिटर प्रति सेकंद प्रति बारमध्ये), त्याला १००० ने गुणायचं आणि ज्या बाजूची हवा बाहेर पडतीये त्या बाजूच्या एरियाने, चौ. सेंमीमध्ये, भागायचं. उत्तर सेंमी प्रति सेकंद. प्रेशर त्यात कुठेच नाही. हे चालायला दोन अटी: लोड सिलेंडरच्या जोराच्या मानाने कमी हवा, साधारण निम्म्याच्या आत, आणि आत येणारी वाट बाहेर जाणाऱ्या वाटेपेक्षा अरुंद नको.

आमच्या साखळीत व्हॉल्व्हचा सी २.७५ च्या आसपास निघाला. ४ मिमी आतल्या व्यासाच्या ४ मीटर ट्यूबचा ०.६९. ६ मिमीच्या फ्लो कंट्रोलचा सप्लायरच्या कागदावर १ होता. हे एकामागे एक जोडलेले, म्हणून प्रत्येकाचा वर्ग करून त्याचा व्यस्त घ्यायचा, बेरीज करायची, मग बेरजेचा व्यस्त घेऊन वर्गमूळ काढायचं. ०.१३ अधिक २.१० अधिक १, बेरीज ३.२३, त्यातून एकूण सी ०.५६. या बेरजेकडे नीट बघा, ३.२३ पैकी २.१० एकट्या ट्यूबचे आहेत आणि व्हॉल्व्हचे फक्त ०.१३. म्हणजे जो आकडा घेऊन आधीचं अख्खं गणित केलं होतं त्याचा या स्पीडशी जवळपास संबंधच नव्हता.

रॉडच्या बाजूचा एरिया २८ चौ. सेंमी. ५६० भागिले २८, २० सेंमी प्रति सेकंद. मोबाइलवर मोजलेला स्पीड तोच. मागे येताना पूर्ण बोअरची हवा बाहेर पडते, ५६० भागिले ३१, १८ सेंमी. म्हणून यायला जास्त वेळ लागत होता. डिझाइनच्या मुलाने हे स्वतः कॅल्क्युलेटरवर परत करून बघितलं आणि मग कुणाशी वाद घालावा लागला नाही.

पर्याय

८० बोअर आधी निकालात काढला. रॉडच्या बाजूचा एरिया ४५ होतो, त्याच ट्यूबवर स्पीड १२ सेंमी, म्हणजे स्ट्रोकलाच सव्वातीन सेकंद. शेठना हा एक आकडा दाखवल्यावर ऑर्डर रद्द झाली.

क्विक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हा मामांचा सल्ला होता आणि तो चुकीचा नव्हता. सिलेंडरच्या पोर्टवरच हवा सोडून द्यायची, चार मीटर फिरवायचीच नाही. दुकानात मिळतो, स्वस्त आहे, तासाभरात लागतो. लावून बघितला. जायला ०.७ सेकंद, सगळे खूश, आणि तिसऱ्या सायकलला पॅलेट पुशर प्लेट सोडून पुढे घसरलं, स्टॉपरवर धाडकन आपटलं आणि कास्टिंग फिक्श्चरमधून तिरकं झालं. समोरची हवा एकदम निघून गेली की पिस्टनला अडवायला काही उरत नाही, फ्लो कंट्रोलचा पण उपयोग राहत नाही कारण हवा त्याच्याकडे जातच नाही. ४५ किलोचं पॅलेट ०.९ मीटर प्रति सेकंदाने गेलं तर १८ ज्यूल, ते कुठेतरी जाणारच. क्विक एक्झॉस्टच्या तोंडाला थ्रॉटलवाला सायलेन्सर लावून हे काबूत आणता आलं असतं आणि खरं सांगायचं तर मला आजही वाटतं की तो पर्याय चालला असता. तो सोडला कारण तेलाच्या वाफेसकट हवा नेमकी लीक टेस्टच्या सीलशेजारी सुटणार होती, आणि ते कस्टमरने पहिल्याच दिवशी नाकारलं असतं.

ट्यूब मोठी करणे. ८ मिमी बाहेरून, साडेपाच आतून, तेच ४ मीटर, सी १.५६. फ्लो कंट्रोल पण ८ चा, त्याचा २ धरला. एकूण १.१२, ६३ बोअरवर ४० सेंमी प्रति सेकंद. नुसत्या स्ट्रोकला एक सेकंद, वर सुरुवातीचे आणि कुशनिंगचे मिळून ०.२. पुरत नाही. व्हॉल्व्ह सिलेंडरजवळ आणून ट्यूब १.२ मीटर केली तर ४८ सेंमी. तरी एक सेकंदाच्या खाली येत नाही.

उरला बोअर लहान करणे, आणि इथेच सगळ्यात जास्त चर्चा झाली, कारण स्पीड हवा म्हणून सिलेंडर लहान करायचा हे ऐकायलाच उलटं वाटतं. ५० बोअर, २० रॉड, रॉडच्या बाजूला १६.५ चौ. सेंमी. ८ ची ४ मीटर ट्यूब असली तरी ६८ सेंमी, १.२ मीटर असली तर ८१. जोर ६ बारला ११७८ न्यूटन, लागतो २५०, म्हणजे २१ टक्के. शेठचा मुद्दा होता की पॅलेट कधी अडकलं तर? रास्त मुद्दा. पण अडकलेल्या पॅलेटला १८७० न्यूटनने ढकलणं ही सोय नाही, तिथे सेन्सर मोडतो नाहीतर माणसाचा हात जातो. अडकलं तर टाइमआउटने थांबायला हवं.

काय केलं

५० बोअरचा सिलेंडर मागवला. १५५५२ मध्ये ५० आणि ६३ दोन्हीला रॉड २० चा आणि पुढचा आटा पण एकच, एम १६ बाय १.५, त्यामुळे रॉड एंड आणि पुशर प्लेट जशीच्या तशी लागली. माउंटिंगच्या भोकांचं पिच मात्र वेगळं, ५६.५ च्या जागी ४६.५, म्हणून अडॉप्टर प्लेट करून घेतली. जुन्या ६३ ला थ्री-एटचा (३/८ इंच) पोर्ट होता, त्यात बुश टाकून वन-फोर (१/४ इंच) केलेला, त्यात ६ ची फिटिंग. एवढा मोठा पोर्ट कंपनीने का दिलाय हा प्रश्न असेंब्लीच्या वेळी कुणाला तरी पडायला हवा होता.

व्हॉल्व्ह मॅनिफोल्डवरून काढून फ्रेमवर सिंगल बेसवर आणला, ट्यूब ८ ची, १.२ मीटर. व्हॉल्व्ह हलवायची खरंच गरज होती का यावर आमचं एकमत नव्हतं. डिझाइनचा मुलगा म्हणाला, "सर, ६८ सेंमी म्हणजे ०.६, वर ०.२ धरले तरी ०.८ बसतंय." बसत होतं, पण फ्लो कंट्रोल पूर्ण उघडा ठेवून. मला स्क्रू पिळायला जागा हवी होती, कारण पूर्ण उघडा स्क्रू म्हणजे उद्या ट्यूब जरा दबली की हातात काहीच नाही.

स्टॉपरवर शॉक अॅब्सॉर्बर लावला. पॅलेट प्लेटला जोडलेलं नाही, पुशर कुशनिंगमध्ये हळू झाला तरी पॅलेट स्वतःच्या वेगाने पुढे जाणारच, सिलेंडरचं कुशनिंग त्याला थांबवू शकत नाही. ०.६ मीटरला ४५ किलो, ८ ज्यूल, त्याप्रमाणे निवडला.

निकाल

पूर्ण उघड्या फ्लो कंट्रोलवर स्लो मोशनमध्ये ७२ सेंमी प्रति सेकंद आले, गणित ८१ म्हणत होतं. दहा-बारा टक्के कमी, आणि ते अपेक्षितच होतं, ४०० मिमीच्या स्ट्रोकमध्ये पिस्टन स्थिर स्पीडला पोचेपर्यंत बरंच अंतर जातं. मग पिळून ६० च्या आसपास आणला. जायला ०.७८, यायला ०.८२, सायकल १२ सेकंदांत. कास्टिंग हललं नाही. पीडीआयला कस्टमरच्या माणसाने स्वतःचं स्टॉपवॉच लावून दोन तास मोजलं.

हवेचा खर्च जाऊन-येऊन एका सायकलला १६.६ लिटरवरून १०.१ लिटर मोकळ्या हवेवर आला. प्रेशर परत ६ वर. आणखी एक गोष्ट, बाकीचे क्लॅम्प एकदम चालले की एफआरएलचा काटा ५.२ पर्यंत खाली येतो, तरी पुशरची वेळ जेमतेम ०.०२ ने बदलते. ते बघून मामा स्वतःच म्हणाले, "म्हणजे प्रेशरचा संबंधच नाही की."

वेगळं काय करता आलं असतं

ताणकाटा पहिल्या दिवशी लावायला हवा होता, मशिन बनायच्या आधी, नुसतं पॅलेट कन्व्हेयरवर ठेवून. ६३ बोअर निवडला कारण मागच्या मशिनला ६३ होता, लोड कुणी मोजलाच नव्हता. तो मोजला असता तर ५० काय, कदाचित ४० पण पुरला असता.

मॅनिफोल्डची जागा ठरवताना वायरिंग आणि दिसणं बघितलं गेलं, ट्यूबची लांबी नाही. हळू चालणाऱ्या क्लॅम्पना ते चालतं. ज्या सिलेंडरला सेकंदाच्या आत पोचायचंय त्याचा व्हॉल्व्ह जवळच हवा, पॅनेल थोडं विस्कळीत दिसलं तरी चालेल.

माझ्या बाजूने, क्विक एक्झॉस्टची ट्रायल मी पॅलेटवर कास्टिंग असताना होऊ दिली. ते रिकाम्या पॅलेटवर करायला हवं होतं, गार्ड लावून. एक कास्टिंग खराब झालं ते ठीक, पण तिथे जवळ एक मुलगा उभा होता आणि मला ते नंतर दोन दिवस आठवत राहिलं.

आता त्यांच्या डिझाइन शीटमध्ये व्हॉल्व्हच्या फ्लोच्या शेजारी ट्यूबचा आतला व्यास, लांबी आणि बाहेर जाणाऱ्या बाजूचा एरिया हे तीन रकाने वाढलेत. काढलेला ६३ चा सिलेंडर स्टोअरमध्ये आहे, तो पुढच्या प्रेस-फिटच्या मशिनला लागणार आहे, तिथे स्ट्रोक ४० मिमीचाच वापरायचाय आणि घाई कुणालाच नाही.